आधी आग, मग लाकूड: फायरप्लेसचं मँटेल घरच्या घरी बदलताना

दिवाणखान्यातल्या फायरप्लेसच्या वरची फळी बदलायची, एवढंच काम. व्हिडिओंमध्ये एका दृश्यात जुनं मँटेल निघतं, पुढच्या दृश्यात नवं बसलेलं असतं आणि मधे गाणं वाजतं. आमचं काम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालं आणि जूनमध्ये हातावेगळं झालं. त्यातला बराच काळ आम्ही हत्यार हातातही धरलं नव्हतं. नुसती वाट बघत होतो: धुराडं तपासणाऱ्याची, प्रयोगशाळेच्या अहवालाची, लाकूड घरातल्या हवेला सरावण्याची, पॉलिश पक्कं होण्याची. हे आधी कुणी सांगितलं असतं तर जिवाची घालमेल कमी झाली असती, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

घर अमेरिकेतलं, १९५०च्या दशकात बांधलेलं. फायरप्लेस विटांची, खरं लाकूड जाळायची. मँटेल म्हणजे दोन्ही बाजूंना नक्षीचे लाकडी खांब, त्यांच्यावर एक आडवी पट्टी आणि सगळ्यात वर फळी. रंगाचे इतके थर चढलेले की खांबांवरच्या खाचा बुजून गेल्या होत्या. फळीला मधे झोळ आलेला. पेन्सिल ठेवली की घरंगळत मधोमध येऊन थांबायची. नवऱ्याचं म्हणणं, घासून पुन्हा रंग मारू, सुटलो. मला खांब काढून विटा मोकळ्या करायच्या होत्या आणि वर एकच जाड, साधी तुळई हवी होती. वाद घालण्याआधी टेप लावून मोजायचं, एवढ्यावर एकमत झालं.

टेप लावल्यावर रंगाचा मुद्दा मागेच पडला.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्या नमुना संहितेवर स्थानिक नियम बेतलेले असतात, त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये विटांच्या फायरप्लेससाठी अंतरं ठरवून दिली आहेत. आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरच्या आत, लाकडी पट्टी किंवा मँटेल नको. तोंडाच्या वर १२ इंचांच्या आत लाकूड असेल, तर तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे ते फक्त १/८ इंच पुढे आलेलं चालतं. म्हणजे ८ इंचांवर असेल तर १ इंच, १२ इंचांवर दीड इंच. त्याच्याही वर गेलात की फळी हवी तेवढी रुंद करा. आमची जुनी आडवी पट्टी तोंडापासून ७ इंचांवर होती आणि विटांपासून अडीच इंच पुढे आलेली. नियमाने तिथे पुरता एक इंचसुद्धा चालत नाही. डावा खांब तर तोंडापासून जेमतेम ५ इंचांवर उभा होता. म्हणजे घासून रंग मारला असता, तरी चुकीच्या जागी असलेलं लाकूड चुकीच्याच जागी राहिलं असतं.

तुमच्याकडे गॅसची किंवा कारखान्यात बनलेली धातूची फायरप्लेस असेल, तर हा हिशेब लावू नका. तिथे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेली अंतरंच पाळायची असतात आणि ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात. पुस्तिका नसेल तर आतल्या धातूच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक टिपून उत्पादकाकडून मागवून घ्या. विटांच्या फायरप्लेसलाही स्थानिक नियम जास्त कडक असू शकतात, म्हणून एकदा विचारलेलं बरं.

एका थंड संध्याकाळी आम्ही नेहमीसारखी आग पेटवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर त्या आडव्या पट्टीवर धरला. दोन तासांनी आकडा ७० अंश सेल्सिअसच्या पुढे होता. एवढ्याने लाकूड पेटत नाही. पण वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून करपत जातं आणि नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. त्या रात्रीपासून काम संपेपर्यंत फायरप्लेस बंद. हे थर्मामीटर फार महाग नसतं आणि पुढेही कामाला येतं. मँटेलला हात लावायच्या आधी एकदा मोजाच, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

पुढचं पाऊल धुराड्याचं. तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. आमची तशीही आलीच होती. मार्चमध्ये धुराडं तपासणाऱ्याला फोन केला तर तीनेक आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. हाच फोन ऑक्टोबरमध्ये केला असता तर याहून जास्त थांबावं लागलं असतं, असं त्यानेच सांगितलं. थंडी आली की सगळ्यांनाच धुराडं आठवतं. त्याने काजळी काढली, आतल्या भट्टीतल्या विटांच्या दोन दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, उघड्या पडल्याचं दाखवलं आणि त्या उष्णतारोधक मॉर्टरनेच (विटा सांधायच्या मसाल्यानेच) भरायच्या, साधं सिमेंट आत टिकत नाही, असं बजावलं. मी त्याला एक प्रश्न लिहूनच ठेवला होता: समोरच्या विटांना भोकं पाडायची आहेत, मागे धुराची पोकळी कुठे सुरू होते? त्याने खडूने विटांवर एक उतरती रेष ओढून दिली आणि पुढच्या विटेच्या जाडीबाहेर ड्रिल जाऊ देऊ नका म्हणाला. त्या रेषेचा फोटो काढून ठेवला. तपासणीची फी त्या एका रेषेत वसूल झाली असं माझं मत.

परवानगीचं काम कटकटीचं असेल असं वाटलं होतं, ते सगळ्यात सोपं निघालं. बांधकाम विभागाला ईमेल केला. सोबत समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, मापं टाकलेलं हाताने काढलेलं रेखाचित्र. आठवड्याभराने तीन प्रश्न आले. गॅसची नळी हलवणार का? विजेचं नवं पॉइंट घेणार का? फायरप्लेसचं तोंड लहानमोठं करणार का, किंवा भिंतीचा भार पेलणारं काही काढणार का? तिन्हींचं उत्तर नाही. मग परवाना लागत नाही, अंतरं संहितेप्रमाणे ठेवा, असं उत्तर आलं. हे तोंडी विचारू नका, लेखीच घ्या. विमा कंपनीलाही कळवलं. त्यांनी धुराड्याच्या तपासणीच्या अहवालाची प्रत मागितली, बाकी काही नाही. ज्यांच्या सोसायटीचे किंवा वारसा-वास्तूचे वेगळे नियम असतील, त्यांना आणखी एक अर्ज करावा लागेल.

आता रंग. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जुने थर असतील, तर शिसं आहे असंच धरून चालायचं. बाजारात चाचणीच्या काड्या मिळतात, पण त्या वरच्या थराला लागतात आणि शिसं असतं खालच्या थरांत. म्हणून आम्ही नमुना प्रयोगशाळेत पाठवला. नमुना घेण्याची पद्धत अशी: कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा, सगळे थर एकत्र, अगदी लाकडापर्यंत कापून काढायचा, लाकूड मात्र त्यात येऊ द्यायचं नाही, नाहीतर प्रमाण कमी दिसतं. कापलेली कड भिंगाखाली धरली तर पांढरा, साय रंगाचा, फिका हिरवा, पुन्हा पांढरा, असे पापुद्रे एकावर एक दिसले. कुणीतरी कधीतरी हा दिवाणखाना हिरवा केला होता.

अहवाल यायला दहा-बारा दिवस लागले. वजनाच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं असेल तर तिथल्या कायद्याने तो शिशाचा रंग ठरतो. आमचं प्रमाण त्याच्या बरंच वर होतं. घासायचा विषय संपला. कोरडं घासणं म्हणजे ते विष धूळ करून घरभर उडवणं. हीट गनही नको, फार तापली की शिशाची वाफ होते. पैसे घेऊन असं काम करणाऱ्या कंत्राटदाराला तिथे खास प्रमाणपत्र लागतं. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्याला ते लागत नाही, पण कायद्याने सूट दिली म्हणून धूळ सूट देत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर हे काम प्रमाणित माणसाला द्या असंच मी म्हणेन. आम्ही मुलीला शनिवार-रविवार मैत्रिणीकडे पाठवलं आणि एप्रिलच्या मध्याला काढणी केली.

तयारीलाच अख्खी सकाळ गेली. खोलीतलं सामान बाहेर, जमिनीवर जाड प्लास्टिक चिकटपट्टीने सांधलेलं, दारांना प्लास्टिकचे पडदे, हीटिंगची यंत्रणा बंद आणि झरोके झाकलेले. फायरप्लेसचं तोंडही झाकलं आणि डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, मिटला, नाहीतर धुराडं वारा ओढत राहतं आणि धूळ नाचते. चेहऱ्यावर बारीक कण अडवणारा, गाळणीच्या डब्या लावलेला मास्क. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

काढायचं ते फोडून नाही, उकलून. आधी मँटेल आणि भिंत यांच्यामधली रंगाची शिवण कटरने कापून घेतली, नाहीतर प्लास्टरचे पोपडे सोबत येतात. मग प्रत्येक सांध्यावर पाण्याचा फवारा आणि चपटी पहार. पहारीखाली प्लायचा तुकडा ठेवला की विटेचा कोपरा उडत नाही. खिळे लाकडाच्या मागच्या बाजूने पक्कडीत धरून ओढायचे, पुढून ठोकायचे नाहीत. पुढून ठोकलं की डोक्याभोवतीचा रंग टवका होऊन उडतो. वरची फळी सहज आली, खांबांनी जरा दमवलं. विटांच्या सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकून त्यांवर सगळं खिळलेलं होतं.

आडवी पट्टी खाली ठेवून उलटी केली तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. खालची कड, तोंडाच्या बरोबर वर येणारा भाग, चॉकलेटी पडला होता. मधोमध हाताच्या पंज्याएवढ्या जागेत जवळजवळ काळा. रंगाच्या आडून काहीच दिसत नव्हतं. नखाने दाबलं तर लाकडाचा भुगा होऊन हातमोज्याला लागला. नवऱ्याने त्यानंतर रंगाचं नाव काढलं नाही.

निघालेलं लाकूड ओलं असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. ते कुठे टाकायचं हे कचरा विभागाला आधीच फोन करून विचारलं होतं. घरमालकाने स्वतः काढलेलं असेल तर पक्कं गुंडाळून घरच्या कचऱ्यात चालेल, असं त्यांनी सांगितलं. हे गावागणिक बदलतं, तुमच्याकडे विचारा. आणि असलं लाकूड फायरप्लेसमध्ये कधीच जाळायचं नाही. मग हेपा गाळणीच्या, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या, व्हॅक्यूमने सगळं ओढून घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा व्हॅक्यूम. व्हॅक्यूम भाड्याने आणला होता, साधा घरचा वापरायचा नाही. तो बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत फेकतो.

मँटेल गेल्यावर भिंतीवर त्याची सावली उरली: झाकलेल्या विटा ताज्या लाल, बाकीच्या धुराने काळपट. कडक ब्रश आणि सौम्य साबणाच्या पाण्याने काळपटपणा बराच उतरला, पूर्ण नाही. खुंट्या काढून त्या दर्जा पुन्हा भरल्या. नवा मॉर्टर सुकल्यावर जुन्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून आधी एका फुटक्या विटेवर नमुना लावून, पूर्ण वाळू देऊन रंग जुळवा. विटा रंगवून टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी ऐकला नाही. विटेवर चढलेला रंग पुन्हा कुणी उतरवत बसत नाही, आणि आमच्याकडे रंग उतरवण्याचं कौतुक नुकतंच संपलं होतं.

लाकूड तोवर घरात येऊन पडलं होतं. अखंड तुळई घ्यायची की फळ्यांची पोकळ पेटी करायची, यावर मी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. बाबांनी आयुष्यभर हौसेने सुतारकाम केलं आहे.

"बाबा, अखंड ओक मिळतोय. छान दिसेल."

"दिसेल गं. पण एवढ्या जाड लाकडाचा गाभा वाळलाय का, ते कोण सांगणार? वरून कोरडं, आतून ओलं. खाली जाळ लागला की तडकलंच समज. आणि उचलणार कोण, तू?"

हिशेब केला. पाच फूट लांब, आठ इंच खोल, सहा इंच उंच अखंड ओक ३५ किलोच्या आसपास जातो; पाऊण इंची फळ्यांची पेटी १२-१३ किलोत होते. पेटी ठरली. भट्टीत वाळवलेला पांढरा ओक घेतला आणि फळ्या मधे पट्ट्या ठेवून दिवाणखान्यातच दोन आठवडे रचून ठेवल्या. ओलावा मोजायचं यंत्र घेतलं होतं. गरम ठेवलेल्या घरात लाकूड साधारण ६ ते ८ टक्क्यांवर स्थिरावतं. लाकूड आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळपास नाही, म्हणून सांधे सुटतात ते रुंदीतच.

पेटीचे तीन भाग: वर, समोर, खाली. लांब कडा ४५ अंशांत कापलेल्या. जोडायची युक्ती मला फार आवडली. तिन्ही फळ्या चांगली बाजू वर करून शेजारी शेजारी, कडा अगदी भिडवून ठेवायच्या आणि सांध्यांवर आडवी-उभी चिकटपट्टी ताणून लावायची. मग सगळं एकदम उलटं करायचं. आता समोर व्ही आकाराच्या दोन खाचा दिसतात; त्यांत गोंद भरायचा आणि फळ्या उचलून मिटवायच्या. चिकटपट्टी बिजागरीचं काम करते आणि कोपरा बाहेरून घट्ट मिटतो. गुण्या लावून काटकोन तपासायचा, क्लॅम्प लावायचे, रात्रभर हात लावायचा नाही. दोन्ही टोकांच्या टोप्या त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यांतून कापल्या, म्हणजे रेषा जुळतात.

बसवताना खरा पेच पडला तो पाणसळीचा. पाणसळ लावून आडवी रेष आखली तर ती विटांच्या थराशी जुळेना. पाच फुटांत विटांचा थर पाव इंच उतरलेला. पाणसळीप्रमाणे बसवलं, तर खालच्या विटांची फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती दिसणार. विटांप्रमाणे बसवलं, तर वर ठेवलेलं काहीही तिरकं. बाबांचं म्हणणं, डोळा जवळच्या रेषेशी तुलना करतो, छताशी नाही. आम्ही पुठ्ठ्याची पेटी करून चिकटपट्टीने भिंतीवर लावली आणि दोन दिवस येता-जाता पाहिली. शेवटी फरक अर्धा अर्धा वाटून घेतला: पाणसळीचा बुडबुडा किंचित सरकलेला, विटांची फट किंचित निमुळती. सांगितल्याशिवाय दोन्ही कुणाला कळत नाही. पुठ्ठ्याचा हा खेळ नक्की करा. उंची, खोली, लांबी, सगळं त्यातच ठरतं आणि फुकट ठरतं. आम्ही खालची कड तोंडापासून १४ इंचांवर धरली.

पेटी भिंतीवर लावलेल्या, पेटीच्या आत लपणाऱ्या एका जाड आधारपट्टीवर सरकवून बसते. आधारपट्टी विटांना अँकर बोल्टने धरलेली. भोकं विटेच्या मध्यात पाडली, दर्जांमध्ये नाही, कारण जुना मॉर्टर भुसभुशीत असतो. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी, धुराडेवाल्याच्या रेषेपासून लांब. ड्रिल मधेच एकदम आत गेलं तर वीट पोकळ आहे असं समजा. तिथे फुलणारा अँकर धरत नाही, जाळीची नळी आणि रासायनिक अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट, लागतो. आमचं एक भोक असं निघालं. विटांचा पृष्ठभाग खालीवर असतो, म्हणून पेटीची मागची कड कंपासने भिंतीला समांतर आखून, रंध्याने आणि कानशीने उतरवत नेली. हे काम रेंगाळतं. घाई केली की फट दिसते आणि ती कशानेही भरली तरी दिसतेच.

पॉलिशला जवसाच्या तेलाचं मिश्रण वापरलं, पातळ हात, मधे दिवसभराचं अंतर. इथे एक धोका आहे. अशा तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेटू शकतात. वापरलेली फडकी बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवा. घरात गॅसची पायलट ज्योत (सतत पेटती असलेली छोटी ज्योत) असेल तर पॉलिशच्या वेळी बंद ठेवा. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. डब्यावर लिहिलेले आठवडे पूर्ण होऊ द्या.

खर्चाचे आकडे देत नाही, ते जागेप्रमाणे बदलतात. पण प्रमाण सांगते. सगळ्यात मोठा वाटा ओकचा. त्याच्या खालोखाल धुराड्याची तपासणी आणि आतल्या दर्जा. प्रयोगशाळेची चाचणी अगदी किरकोळ. प्लास्टिक, मास्क, गाळण्या, भाड्याचा व्हॅक्यूम या कुणी हिशेबात न धरलेल्या गोष्टी मिळून लाकडाच्या निम्म्यापर्यंत गेल्या.

जूनमध्ये फायरप्लेस पेटवायचा प्रश्नच नव्हता. पहिली आग ऑक्टोबरमध्ये लावली, लहान, आणि थर्मामीटर पेटीच्या खालच्या कडेवर. तेवढ्याच दोन तासांनी आकडा ४५ अंशांच्या आत. थोडा तेलाचा वास आला, खिडकी उघडली, गेला. परवानगीचा ईमेल, प्रयोगशाळेचा अहवाल, धुराड्याचा अहवाल, खडूच्या रेषेचा फोटो आणि अँकरच्या जागांचं रेखाचित्र, हे सगळं एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावलं आहे. पुढचा मालक कधीतरी तिथे ड्रिल घेऊन उभा राहील, त्याला लागेल.